कुराज

शाळेच्या अमृतमहोत्सव समितीचे निमंत्रण गेल्या महिन्यात टपालाने आले. स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे आणि ते फार लांबवू नये, अशी नम्र विनंती त्यात होती. परंतु पाकिटावर माझ्या नावापुढे कोणीतरी कंसात ‘कुराज’ असे लिहिले होते, आणि तो एक शब्द वाचल्यावर न लांबवण्याची अट पाळणे मला शक्य राहिले नाही. हस्ताक्षर कोणाचे ते मी ओळखले आहे. त्याचा हिशेब संमेलनाच्या दिवशी समक्ष होईल.

जे आमच्या तुकडीत नव्हते त्यांच्यासाठी सांगतो की, कुराज हे माझे आडनावही नाही आणि गावही नाही. १९७६ साली नववी ‘ब’च्या वर्गात धैर्य या अर्थाचा एक साधा इंग्रजी शब्द, जो आज पाचवीतले मूलही न अडखळता ‘करेज’ असा उच्चारते, तो मी उभा राहून खणखणीत आवाजात ‘कुराज’ असा वाचला, आणि तेव्हापासून दहावीच्या निरोप समारंभापर्यंत हजेरीपटाबाहेर माझे तेच नाव राहिले. आज तुकडीच्या व्हॉट्सअॅप गटावरही मी कुराजच आहे. पटांगणाविषयी, रुळाच्या तुकड्याच्या घंटेविषयी आणि पावसाळ्यात गळणाऱ्या कौलारू हॉलविषयी इतरांनी लिहिलेच असेल. मला या एका शब्दाविषयी आणि ज्यांनी त्याचे कूळ आम्हाला शोधून दिले त्या बाईंविषयी लिहायचे आहे.

बाईंचे नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसते ‘बाई’ म्हटले की कोणाविषयी बोलणे चालले आहे ते त्या काळच्या प्रत्येक विद्यार्थ्याला कळते. बाकीच्या सगळ्या बाईंना आडनाव लावावे लागे. त्या खरे म्हणजे संस्कृतच्या. आमच्या इंग्रजीच्या सरांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर नोकरी सोडली आणि नवी नेमणूक होईपर्यंत हा तास बाईंकडे आला. संस्कृतच्या शिक्षिकेने इंग्रजी शिकवावे याचे काही पालकांना नवल वाटले होते, आणि मुख्याध्यापकांकडे तशी कुरबुरही गेली होती. माझे म्हणणे असे आहे की, शाळेच्या पंचाहत्तर वर्षांत इंग्रजीच्या तासाला याहून भाग्याचे दिवस आलेले नाहीत. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आपले मनोगत वेगळे लिहावे.

मी ‘कुराज’ का वाचले, याला कारण होते. आमचे बाजारपेठेत सलून होते. दुकानाच्या पाटीवर ‘हेअर कटिंग, शेव्हिंग, मसाज’ हे शब्द पेंटरने वर मराठीत आणि खाली इंग्रजीत रंगवले होते, आणि शाळेत इंग्रजी सुरू होण्याच्या आधीपासून, म्हणजे पाचवीच्या आधीपासून, मी ती अक्षरे जुळवून वाचायला शिकलो होतो. दुसरे माझे इंग्रजी पाठ्यपुस्तक म्हणजे चहाच्या पुड्यातून निघणारे बक्षिसाचे कूपन. धड्यात तो शब्द समोर आला तेव्हा त्याचा पुढचा भाग मला कूपनातल्यासारखा दिसला आणि शेवट मसाजातल्यासारखा. दोन्ही जोडून मी आत्मविश्वासाने वाचले. वर्ग हसला. मागच्या बाकावरून ‘कुराज, मसाज’ असे यमकही आले, आणि ते केवळ उच्चाराला हसणे नव्हते, हे सलूनवाल्याच्या मुलाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

बाई हसल्या नाहीत, आणि त्यांनी लगेच दुरुस्तीही केली नाही. ‘असे का वाचलेस?’ एवढेच त्यांनी विचारले. मी खाली मान घालून कूपन आणि मसाज सांगितले. बाईंनी फळ्याकडे वळून तिन्ही शब्द एकाखाली एक लिहिले, खडू बोटांत फिरवीत बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, ‘हा विचारतो आहे ते बरोबर आहे. मसाज होतो, तर कुराज का होत नाही? याचे उत्तर असणार, पण आज ते माझ्याजवळ नाही.’ शिक्षकाने वर्गासमोर असे म्हणावे हे आम्हाला नवीन होते. त्या शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर बाई दुपारच्या एसटीने जिल्ह्याच्या गावी गेल्या आणि तिथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात संध्याकाळपर्यंत बसल्या. आम्हाला हे कळले ते त्या गाडीचे कंडक्टर आमच्याच वर्गातल्या एकाचे वडील होते म्हणून.

सोमवारी त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात खाकी कागदाचे वेष्टन घातलेली चाळीस पानी वही होती. फळ्याचे त्यांनी तीन भाग केले आणि वर इंग्लंड, फ्रान्स आणि रोम अशी नावे घातली. ‘आधी माहेर विचारायचे, मग सासर,’ असे त्या संस्कृतच्या तासाला कोणताही शब्द उलगडताना म्हणत. तोच नियम त्यांनी इथे लावला. पहिले वाक्य मात्र मला उद्देशून होते. ‘परीक्षेत करेजच म्हणायचे. पण तू सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात हे वाचले असतेस, तर तुला कोणी हसले नसते.’

हा शब्द इंग्रजांच्या घरात जन्मलेला नाही. १०६६ साली फ्रान्सातल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, दरबारात, न्यायालयांत आणि सरदारांच्या वाड्यांत फ्रेंच बोलली जाऊ लागली, आणि पुढल्या दोन-तीनशे वर्षांत हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत मुरले. त्यांतलाच हा एक. इंग्रजी लेखनात तो १३०० च्या सुमारास दिसू लागतो. जुन्या फ्रेंचमधल्या त्याच्या रूपामागे लॅटिनचा ‘कोर’ उभा आहे, आणि कोर म्हणजे हृदय. त्याला ‘आटिकुम’ हा लॅटिन प्रत्यय लागला. ‘कोराटिकुम’ असे पुरे रूप कोठे लिहिलेले सापडत नाही, ते अभ्यासकांनी मागे जाऊन बांधलेले आहे. पण हा प्रत्यय फ्रेंचांच्या तोंडी झिजून ‘आज’ झाला, हे इतर शब्दांवरून स्वच्छ दिसते. व्हिलेज, मेसेज, लँग्वेज, व्हॉयेज आणि जंगलावरून आलेला सॅव्हेज, या सर्वांच्या टोकाला तोच प्रत्यय बसलेला आहे.

मग कुराजचे करेज का झाले? फ्रेंचमध्ये शब्दाचा जोर शेवटाकडे असतो. जे शब्द सहा-सातशे वर्षांपूर्वी आले, ते इंग्रजांनी आपल्या वळणावर नेले, जोर पहिल्या अक्षरावर आणला, आणि मग जोर गेलेला शेवटचा ‘आज’ हळूहळू विझून ‘इज’ उरला. मसाज हा शब्द इंग्रजीत आला तो एकोणिसाव्या शतकात. त्याला झिजायला अजून पुरेसा काळ मिळालेला नाही, म्हणून त्याचा ‘आज’ शाबूत आहे. ‘याच्या वडिलांच्या दुकानावरची पाटी फ्रेंच आहे,’ बाई वर्गाला म्हणाल्या, ‘आणि आपल्या पुस्तकातला हा शब्दही फ्रेंच आहे. एक जुनी सून, एक नवी सून.’ त्या दिवशी मी घरी गेलो आणि दुकानासमोर उभा राहून ती पाटी पुन्हा वाचली, हे मला स्पष्ट आठवते. वडील एका गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा चालवीत होते. त्यांनी काय झाले म्हणून विचारले, आणि पाटी फ्रेंच आहे हे त्यांना कसे सांगावे ते मला सुचले नाही.

बाईंच्या वहीत चॉसर या जुन्या इंग्रज कवीच्या दोन ओळी होत्या. चॉसर १४०० साली वारला. कँटरबरीच्या यात्रेकरूंच्या कथा त्याने आयुष्याच्या अखेरच्या काळात लिहिल्या, आणि त्यांच्या प्रस्तावनेत तो स्वतः यात्रेला निघण्याच्या तयारीत आहे असे सांगतो. तिथे ‘पिलग्रिमाज’ या शब्दाशी त्याने ‘कुराज’चे यमक जुळवले आहे, शेवटी एक पुसट ‘अ’ ठेवून. बाईंनी त्या ओळी आपल्याला जमतील तशा म्हणून दाखवल्या. त्यांचा चॉसरचा उच्चार अचूक असेल असे मी म्हणणार नाही, पण यमक कानावर पडले, आणि मागच्या बाकावरच्या यमककाराला आपले यमक सहाशे वर्षे शिळे निघाले हे पाहून थोडे ओशाळल्यासारखे झाले. कँटरबरी म्हणजे त्या लोकांचे पंढरपूर, असे बाईंनी सोडवून सांगितले. ११७० साली तिथल्या मुख्य चर्चमध्येच आर्चबिशप बेकेट यांचा खून झाला, पुढे त्यांना संतपद मिळाले आणि त्यांच्या समाधीला यात्रा भरू लागली. अशा यात्रेला चॉसर ‘भक्तिपूर्ण कुराजा’ने निघाला आहे. तिथे शौर्याचा काही प्रश्नच नाही. त्या ओळीतल्या शब्दाचा अर्थ फक्त मन, अंतःकरण.

हे बाईंनी फार सावकाश समजावले, कारण त्यांच्या मते शब्दाच्या चरित्रातली हीच मुख्य घटना होती. त्या काळी करेज म्हणजे हृदयात जे जे असेल ते सारे: इच्छा, राग, वासना, उमेद, गर्व, हेतू. चॉसरच्याच प्रस्तावनेत अगदी आरंभी वसंत ऋतूत पाखरांनाही निसर्ग त्यांच्या ‘कुराजां’त टोचणी लावतो, म्हणून ती रात्रभर डोळे उघडे ठेवून झोपतात. पाखरांचे शौर्य नव्हे, पाखरांचे मन. हळूहळू या मोठ्या कोठारातल्या बाकीच्या वस्तू दुसऱ्या शब्दांनी नेल्या आणि याच्याजवळ एकच उरली, संकटासमोर न डगमगणारे मन. वाटणीत बाकीची जमीन भावांकडे गेली आणि याच्या वाट्याला एक विहीर आली, असा दृष्टान्त बाईंनी दिला होता. आमच्यांतली अर्धी मुले शेतकऱ्यांची असल्यामुळे तो कोणालाही समजावून सांगावा लागला नाही.

मग त्यांनी आम्हालाच विचारले, ‘आपल्याकडे धैर्य शरीरात कुठे राहते?’ उत्तरे भराभर आली. छाती होत नाही, छातीठोकपणे सांगतो, वाघाचे काळीज, जिगरबाज. यांतले जिगर फारसीतून आलेले आणि त्याचा अर्थ यकृत. एकाने ‘हिय्या करून विहिरीत उडी मारली’ असे वाक्य दिले, आणि बाई खुर्चीवरून उठल्याच. हाच तो, म्हणाल्या. हृदयाचे प्राकृतात हिअअ झाले, जुन्या मराठीत हिया, आणि आपण बोलतो तो हिय्या. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिच्यात ‘हिये’ म्हणजे नुसते अंतःकरण, आणि आज हिय्या करणे म्हणजे धीर एकवटणे. रोमच्या हृदयाने जी वाट धरली तीच आपल्या हृदयाने आपल्या गावात बसून धरली, कोणी कोणाला विचारले नाही. मला आजही वाटते की, मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी शब्द आपला वाटावा यासाठी याहून चांगला तास कोणी घेऊ शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका हुशार मुलाने बाईंना पेचात पकडण्यासाठी भित्र्याचा इंग्रजी शब्द काढला. ‘कॉवर्ड’मध्ये ‘काऊ’ आहे, तेव्हा गाय बिचारी गरीब म्हणून भित्र्याला तिचे नाव दिले असणार, असा त्याचा सिद्धान्त होता. बाईंनी वही उघडली. गायीचा तिथे काही संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘कौडा’ म्हणजे शेपूट, फ्रेंचमध्ये त्याचे आखूड रूप झाले, आणि त्याला तुच्छतादर्शक ‘आर्ड’ प्रत्यय लागून जो शब्द बनला त्याचा शब्दशः अर्थ शेपूटवाला. कुत्र्याने शेपूट घातले की... बाईंना वाक्य पुरे करावे लागले नाही. सारा वर्ग एका सुरात ‘शेपूटघाल्या’ म्हणून ओरडला, आणि शेजारच्या वर्गातून सर डोकावून गेले.

आता थोडे अवघड सांगायचे आहे, आणि माझ्या मते बाईंचा मोठेपणा इथेच दिसतो. त्यांनी पहिल्या दिवशी फळ्यावर लॅटिनचा कोर, ग्रीकचा कार्दिया, इंग्रजीचा हार्ट आणि संस्कृतचे हृदय एका ओळीत लिहून त्यांना सख्खी भावंडे म्हटले होते. १७८६ साली कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असे व्याख्यानात मांडले, तेव्हापासूनची ही ओळख. परंतु दोन दिवसांनी बाई आल्या त्या अस्वस्थ चेहऱ्याने. त्यांनी फळ्यावर दोन रांगा लिहिल्या: शत, केन्टुम, हंड्रेड, आणि श्वन्, कानिस, हाउंड. पहिला शब्द संस्कृत, दुसरा लॅटिन, तिसरा इंग्रजी. ‘बघा,’ म्हणाल्या, ‘लॅटिनमध्ये जिथे क, तिथे इंग्रजीत ह आणि संस्कृतात श. याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ मध्ये इंग्रजीच्या घराण्यातले हे वर्णबदल सूत्रात बसवले. मग कोर आणि हार्ट बरोबर बसतात. पण संस्कृतात तिथे श हवा, आणि आपल्या हृदयात ह आहे. मी तुम्हाला परवा घाईने सांगितले.’

इंग्रजीचा ह आणि संस्कृतचा ह सारखे दिसतात म्हणून ते एकच नव्हेत, हा त्यातला सापळा. संस्कृतचा ह हा बहुधा इंग्रजीत ग होऊन येतो. आपला हंस म्हणजे त्यांचा गूस. नियम काटेकोर लावला तर आपल्या हृदयाचे इंग्रजी भावंड ‘गार्ट’सारखे काहीतरी झाले असते. हृदय हे याच कुळातले आहे असेच बहुतेक अभ्यासक मानतात, परंतु भारत आणि इराणकडच्या शाखेत त्याचा पहिला वर्ण वाट चुकलेला आहे. तेव्हा श असलेले खरे रूप संस्कृतात कुठे उरले आहे का, असा प्रश्न बाईंनी आम्हालाच टाकला. अर्थात आम्हाला ते येणे शक्य नव्हते. तास संपत आला तेव्हा त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात ‘श्रत्’ असे लिहिले आणि पुढे ‘धा’ लिहिले. श्रद्धा. धा म्हणजे ठेवणे. श्रत् हे त्या हृदयाचे जुने रूप, असे पुष्कळ पंडितांचे मत. आणि दोन्ही मिळून कोणावर तरी हृदय ठेवणे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेचे स्वतंत्र सूक्त आहे, आणि त्यात श्रद्धा हृदयातल्या संकल्पाने मिळवतात असे म्हटले आहे. म्हणजे एकाच ऋचेत घरी राहिलेले भावंड आणि वाट चुकलेले भावंड शेजारी बसलेली आहेत. घंटा झाली तरी बाई बोलत होत्या, आणि आम्ही उठलो नाही. असे आपल्या शाळेत फार वेळा घडलेले नाही.

मला या ओळखीचा उपयोग फार उशिरा झाला. मी बँकेत लागलो, आणि अठ्ठावीस वर्षे कर्जविभागात काढून उपमहाप्रबंधक म्हणून निवृत्त झालो. ‘क्रेडिट’ हा शब्द मी रोज शंभरदा उच्चारला, लिहिला आणि त्यावर सह्या केल्या. प्रशिक्षणात एकदा तो कोठून आला असे कोणीतरी विचारले, आणि मला शब्दकोश पाहताना कळले की लॅटिनचा ‘क्रेदो’, म्हणजे मी विश्वास ठेवतो, हा आपल्या श्रद्धेचा अक्षरशः जुळा भाऊ आहे: तेच हृदय, तेच ठेवणे. सोळाव्या शतकात त्यावरून आलेला क्रेडिट व्यापारी अर्थाने इंग्रजीत स्थिरावला. म्हणजे मी आयुष्यभर ज्या खात्यात बसलो ते खाते आणि मी ज्या शब्दामुळे बदनाम झालो तो शब्द, दोघांचे मूळ घर एकच. त्यानंतर नव्या अधिकाऱ्यांच्या प्रत्येक तुकडीला मी पहिल्या दिवशी हे सांगत असे. थकीत कर्जांच्या बैठकीत ते फारसे उपयोगी पडत नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

‘रेकॉर्ड’ हाही त्याच घरचा. पुन्हा हृदयात आणणे, म्हणजे आठवणे, असा त्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ. इंग्रज आणि फ्रेंच लोक कविता पाठ करतात ती ‘हृदयाने’. आपण करतो ती तोंडपाठ, मुखोद्गत, फार तर कंठस्थ. आपली पाठांतरे गळ्याच्या खाली उतरत नाहीत, असे बाई यावरून चिडवीत असत, आणि मग लगेच आम्हाला रूपे म्हणायला लावीत.

माझी मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात राहतात. निवृत्तीनंतर तिकडे गेलो असता मी हट्टाने मॉल्डनला गेलो. ९९१ साली तिथे ब्लॅकवॉटर नदीच्या मुखाशी व्हायकिंग या दर्यावर्दी लुटारूंशी इंग्रजांची लढाई झाली, आणि तिच्यावरची जुनी इंग्रजी कविता अपुरी का होईना, उरली आहे. समुद्राला भरती आली की बेटाकडे जाणारी वाट पाण्याखाली जाते. मी उभा होतो तेव्हा ओहोटी होती आणि चिखलातून दगडी वाट वर आलेली दिसत होती. सरदार बिर्‍हटनॉथ याने बेटावरच्या शत्रूला ही वाट ओलांडून येऊ दिले, आणि कवी त्याचे कारण ‘ओफरमोद’ असे देतो. ‘मोद’ हा कुराज येण्याच्या आधीचा इंग्रजांचा शब्द, मन आणि हिंमत दोन्ही अर्थांचा. जर्मनमध्ये तो ‘मूट’ या रूपात आजही धैर्याचा मानाचा शब्द आहे, आणि इंग्रजीत फ्रेंच पाहुण्याने त्याची जागा घेतल्यावर त्याचा नुसता ‘मूड’ झाला. ओफरमोद म्हणजे वाजवीपेक्षा जास्त मोद. सरदार पडल्यावर एक म्हातारा योद्धा म्हणतो की, जसजसे बळ घटेल तसतसे मन अधिक कठोर, काळीज अधिक तिखट आणि मोद अधिक मोठा व्हायला हवा. त्यातल्या मनाला त्यांचा शब्द आहे ‘हिये’. मी तो पुस्तकात वाचला तेव्हा क्षणभर अंगावर काटा आला; वाटले, आपले हिये इथे समुद्रकाठी सापडले. मग बाईंचा हंस आणि गूस आठवला आणि मी पुस्तक मिटले. त्या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

शाळेत आता बरेच बदलले आहे. इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून आहे, सेमी-इंग्रजीचे वर्ग भरून वाहतात आणि भिंतीवर मोठे पडदे लागले आहेत. त्याचा आनंदच आहे. पण गेल्या वर्षी जिन्याखालच्या काचेच्या कपाटाची चौकशी केली, तर ते कपाटच नाही. त्यात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश होता, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीवरून छापलेला, आणि बाईंनी आम्हाला हिय्या हा शब्द त्यात शोधायला पाठवले होते. कपाट उघडायला शिपायाकडून किल्ली आणावी लागे, आणि पान उलटायला बोट ओले करायचे नाही अशी ताकीद असे. तो कोश आज संगणकावर एका क्षणात मिळतो हे मला ठाऊक आहे. तरी समितीला विनंती आहे की, रद्दीत गेला नसेल तर शोधून ठेवावा.

एक गृहपाठ द्यायचा राहिला आहे. फेब्रुवारीत इंग्रजीचे नवे सर आले आणि बाई संस्कृतकडे परतल्या. आमच्याकडच्या त्यांच्या शेवटच्या तासाला त्यांनी फळ्यावर ‘डेअर’ हा शब्द लिहिला, धजणे या अर्थाचा, आणि सांगितले की हा करेजसारखा परका नाही, इंग्रजीचा घरचा आहे. याचे संस्कृत भावंड शोधून आणा. कोणालाच सुचेना तेव्हा म्हणाल्या, ‘तुम्ही दर शनिवारी म्हणता.’ परीक्षा आल्या आणि ते राहून गेले. बाई निवृत्त झाल्या, मग पुण्याला राहायला गेल्या. मी दोनदा भेटून आलो, पण दोन्ही वेळा हा विषय काढण्याची छाती झाली नाही. उत्तर मला साठी उलटल्यावर सापडले. धातू धृष्, म्हणजे धजणे. त्यावरून धृष्ट आणि त्याचे मराठीत धीट. त्याच धातूवरून धार्ष्ट्य, आणि त्याचे मराठीत धारिष्ट. संस्कृतचा ध इंग्रजीत द-ड होऊन येतो, जसे मधूचे मीड आणि विधवेचे विडो, तसेच हे.

आणि शनिवारी कौलारू हॉलमध्ये आम्ही मनाचे श्लोक म्हणत होतो. सातव्या श्लोकाची पहिली ओळ आहे, ‘मना श्रेष्ठ धारिष्ट जीवी धरावे’. मी तो शब्द कित्येक महिने ‘दारिष्ट’ असा म्हणत असे, कारण ऐकून ऐकून पाठ केले होते आणि पुस्तक घरी नव्हते. बाई रांगांमधून फिरत असत. एका शनिवारी त्या माझ्यापाशी थांबल्या, ती ओळ संपेपर्यंत कान देऊन ऐकली, आणि हसून पुढच्या रांगेकडे गेल्या. दुरुस्ती केली नाही.